रूटला दारातच अडवणारा डेटाबेस : डेबियनवरील पोस्टग्रेस, दोन हंगामांच्या वापरानंतर

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदाराच्या पॅकिंग शेडला लागून जे छोटे कार्यालय आहे, तेथील संगणकांची व्यवस्था गेली काही वर्षे मी पाहतो. पहिल्या पेट्या निघाल्यापासून मे संपेपर्यंत रोज किती माल भरला, तो कोणत्या गाडीने वाशीला गेला, कोणत्या दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब) आली, त्यात भाडे, हमाली आणि तोलाई किती कापली गेली, या सगळ्याची नोंद एका डेटाबेसमध्ये होते आणि तो डेटाबेस शेडच्या मागच्या खोलीत, वजनकाट्याच्या पलीकडे ठेवलेल्या एका साध्या संगणकावर चालतो. २०२३ च्या पावसाळ्यात आम्ही त्या संगणकावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्याच्यासोबत मिळणारे पोस्टग्रेएसक्यूएल १५ हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर बसवले. रोजच्या बोलण्यात त्याला सगळे पोस्टग्रेस म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन. २०२४ आणि २०२५ असे दोन पूर्ण हंगाम ते वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. त्याचा वेग किंवा क्वेरी लिहिण्याची सोय यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी एकाच अंगाविषयी लिहिणार आहे : संगणक सुरू होताना हा डेटाबेस कोणाच्या नावाने उभा राहतो, आणि तसे उभे राहणे त्याला कितपत जमते.

शहरातल्या वाचकाला हा विषय एवढ्या मोठ्या लेखाचा वाटणार नाही. आमच्याकडे मात्र संगणक सुरू होणे ही वर्षातून एकदोनदा घडणारी गोष्ट नाही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात वळवाची पहिली सर आली की वीज जाते, इन्व्हर्टर तास-दीड तास तग धरतो आणि मग यंत्र गप होते. पहाटे केव्हातरी वीज येते आणि कोणी हात न लावता संगणक आपोआप उठतो, कारण बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) तशी सोय करून ठेवलेली आहे. त्या वेळी कार्यालयात कोणीही नसते. सहा वाजता गाडी भरायला माणसे येतात तेव्हा नोंदीचे पान उघडले पाहिजे, एवढीच मालकांची अपेक्षा असते, आणि ते उघडले नाही तर त्यांचा फोन ठरलेला : "काय रे, उठला काय ता?" यातील 'ता' म्हणजे डेटाबेस. डेटाबेसची सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा त्याचा प्रोग्राम, माणसाच्या मदतीशिवाय, योग्य युजरच्या नावाने, योग्य परवानग्यांसह उठते की नाही, याची परीक्षा येथे दर पंधरा दिवसांनी होते.

आमची आधीची व्यवस्था या परीक्षेत नेहमी उत्तीर्ण होत असे, हे कबूल केले पाहिजे. ज्यांनी ती बसवली होती त्यांनी संगणक सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ लिहून डेटाबेस थेट रूटच्या नावाने चालू केला होता. रूट हा लिनक्समधील सर्वाधिकारी युजर. त्याला कोणतीही फाइल वाचता येते, कोणतीही पुसता येते, आणि त्याला परवानगी नाकारली जाण्याचा प्रसंगच येत नाही. साहजिकच ती व्यवस्था कधी अडली नाही आणि ती चुकीची आहे, असे कोणाला वाटलेही नाही. हंगामात बागेच्या राखणीला माणूस ठेवताना आपण त्याला मांगराची (बागेतल्या खोपटाची) किल्ली देतो, घरातल्या कपाटाची देत नाही. येथे राखण्याला सातही खोल्यांच्या किल्ल्या देऊन ठेवल्या होत्या आणि तो भला आहे, एवढ्यावर सगळे निर्धास्त होते.

धोका नेमका कोठे आहे, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण "रूटने चालवू नये" हे वाक्य सगळ्यांना पाठ असते, पण कारण विचारले तर सहसा गुळमुळीत उत्तर मिळते. डेटाबेस ही केवळ तक्ते सांभाळणारी वही नाही. तो फाइल लिहू शकतो आणि काही वेळा दुसरा प्रोग्राम चालवू शकतो. पोस्टग्रेसमध्ये २०१३ च्या ९.३ या आवृत्तीपासून कॉपी या आज्ञेला एखादा प्रोग्राम जोडून देता येतो, आणि तो प्रोग्राम डेटाबेसची सर्व्हिस ज्या युजरच्या नावाने चालते त्याच्याच अधिकाराने चालतो. आता आमच्या नोंदीच्या पानावरील एखाद्या चौकटीत कोणी चलाखीने लिहिलेला मजकूर घातला, सॉफ्टवेअरने तो न तपासता तसाच डेटाबेसकडे पाठवला आणि सॉफ्टवेअरला डेटाबेसमधील सर्वोच्च अधिकार दिलेले असले, तर घुसखोराच्या हाती लागणारा अधिकार सर्व्हिसच्या युजरएवढा असेल. तो युजर रूट असेल तर त्याच संगणकावर ठेवलेले बागायतदारांचे सातबारे, आधार कार्डांच्या स्कॅन केलेल्या प्रती, बँकेची पत्रे, सगळे त्याचे झाले. तो साधा, फक्त डेटाबेसपुरता युजर असेल तर पेट्यांचा हिशेब जाईल, आणि तेही वाईटच आहे, पण बाकीचे घर उभे राहील.

हे काल्पनिक भय नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेडिस या डेटाबेसच्या निर्मात्यानेच दाखवून दिले होते की, नेटवर्कवर उघडे पडलेल्या रेडिसला आपली साठवणीची फाइल कोठे आणि कोणत्या नावाने लिहायची ते बाहेरून सांगता येते, आणि ते नाव एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या, परवानगी दिलेल्या किल्ल्यांच्या फाइलचे दिले तर हल्लेखोराला संगणकात सरळ प्रवेश मिळतो. सर्व्हिस रूटने चालत असेल, तर तो प्रवेश रूटचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जाहीर झालेला मायएसक्यूएल या डेटाबेसचा सीव्हीई-२०१६-६६६२ हा दोष तर या लेखाच्या विषयाला अगदी चिकटून आहे. तेथे मुख्य सर्व्हर साध्या युजरने चालत होता, पण त्याला सुरू करणारी वेष्टन-स्क्रिप्ट रूटने चालत होती आणि सुरू होताना कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमध्ये नमूद केलेली लायब्ररी (तयार कोडची फाइल) जोडून घेत होती. ती फाइल हल्लेखोराला डेटाबेसच्या मार्गाने बदलता आली की पुढच्या रीस्टार्टला त्याचा कोड रूटच्या अधिकाराने चालायला मोकळा. चालताना कोण आहे, याच्याइतकेच सुरू करताना कोण होते, हेही पाहावे लागते ते यामुळे. आमच्याकडे वीज जाण्याचे प्रमाण पाहता अशा हल्लेखोराला रीस्टार्टची फार वाट पाहावी लागली नसती.

हे वाचून २०२१ च्या एप्रिलमध्ये मी आमच्या जुन्या व्यवस्थेत स्वतःच सुधारणा करायला गेलो. डेटाबेससाठी वेगळा युजर तयार केला, डेटाच्या फोल्डरची मालकी त्याच्याकडे दिली, आणि सॉकेटसाठी (इतर प्रोग्राम डेटाबेसशी ज्यातून बोलतात त्या जोडणीसाठी) लागणारे छोटे फोल्डर रन या मार्गाखाली हाताने तयार करून त्याचीही मालकी बदलली. सर्व्हिस छान चालली आणि महिनाभर मी स्वतःवर खूश होतो. मग मेच्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, झाडे पडली, तारा तुटल्या, आणि काही दिवसांनी वीज परत आली तेव्हा डेटाबेस उठला नाही. रन हे फोल्डर डिस्कवर नसते, मेमरीत असते. संगणक बंद झाला की त्यातील सगळे नाहीसे होते. रूटने चालणारी जुनी सर्व्हिस ते फोल्डर स्वतःच तयार करून घेत असे. माझ्या नव्या, अधिकारहीन युजरला तेथे काही तयार करण्याची परवानगीच नव्हती. हंगाम संपत आला होता म्हणून निभावले. त्या दुपारी मी पुन्हा सगळे रूटवर नेले, आणि ती लाज पुढे दोन वर्षे बाळगली.

या पार्श्वभूमीवर पोस्टग्रेसची पहिली भेट मला उद्धटपणाची वाटली होती. चाचणीसाठी मी सवयीने रूट म्हणूनच सर्व्हरचा प्रोग्राम थेट चालवून पाहिला, तर त्याने साफ नकार दिला : रूटच्या नावाने पोस्टग्रेसचा सर्व्हर चालवण्याची परवानगी नाही, सुरक्षिततेसाठी तो अधिकारहीन युजरच्या नावानेच सुरू केला पाहिजे. हा इशारा नव्हता. प्रोग्राम तेवढे सांगून बंद झाला. नवा डेटा फोल्डर तयार करणारा प्रोग्रामही रूटला असाच परत पाठवतो. मायएसक्यूएल आणि त्यातूनच निघालेला मारियाडीबी यांचेही धोरण मूळचे असेच आहे, पण तेथे युजर म्हणून रूटचे नाव स्पष्ट लिहिले तर ते ऐकतात. पोस्टग्रेसमध्ये तशी पळवाटच ठेवलेली नाही, आणि दोन हंगामांनंतर माझे मत असे झाले आहे की या उत्पादनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. घाईत असलेला माणूस, आणि मे महिन्यात मी सतत घाईत असतो, पळवाट दिसली की ती घेतोच.

नकार देऊन मोकळे न होता योग्य मार्ग तयार करून देण्याचे काम डेबियनचे पॅकेज, म्हणजे बसवण्यासाठी तयार केलेला संच, करते. पॅकेज बसवताना पोस्टग्रेस नावाचा सिस्टम युजर आपोआप तयार होतो. त्याला पासवर्ड नसतो, म्हणजे बाहेरून त्याच्या नावाने लॉगिन करण्याची सोय नसते. त्याचे घर व्हार-लिब खालील पोस्टग्रेएसक्यूएलचे फोल्डर असते. डेटाच्या फोल्डरवर फक्त त्याचाच अधिकार असतो. पोस्टग्रेस सुरू होताना हे स्वतः तपासतो : परवानगीचा आकडा ०७०० (फक्त मालकाला प्रवेश) किंवा, अकराव्या आवृत्तीपासून, ०७५० (मालकाच्या गटाला वाचण्याची मुभा) असला पाहिजे, आणि फोल्डरचा मालक व सर्व्हर चालवणारा युजर एकच असला पाहिजे, नसेल तर तो सुरूच होत नाही. पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक, ५४३२ असल्यामुळे १०२४ च्या खालच्या पोर्टसाठी लागणारा विशेष अधिकारही त्याला लागत नाही. थोडक्यात, रूटची गरज पडावी असे त्याच्या रोजच्या कामात काहीच ठेवलेले नाही.

सुरू होतानाची जी थोडी कामे खरोखर रूटचीच आहेत, ती मात्र कोणीतरी करावी लागतात, आणि माझे २०२१ मध्ये जेथे चुकले तेथे हे पॅकेज चोख आहे. रन खालील सॉकेटचे फोल्डर प्रत्येक वेळी कसे आणि कोणाच्या मालकीचे तयार करायचे, याची एक ओळ सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) तात्पुरत्या फाइलींच्या यादीत पॅकेजने आधीच लिहून ठेवलेली असते; सर्व्हिस सुरू होण्याआधी ते फोल्डर पोस्टग्रेस युजरच्या नावाने तयार झालेले असते. मेमरी संपली तर कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) डेटाबेसच्या मुख्य प्रक्रियेला सहसा हात लावू नये म्हणून तिचा गुणांक उणे ९०० केलेला असतो. हा गुणांक खाली आणणे साध्या युजरला जमत नाही. डेटा वेगळ्या डिस्कवर असेल तर ती डिस्क जोडली जाईपर्यंत थांबण्याची सूचनाही सर्व्हिसच्या फाइलमध्ये असते. ही कामे उरकली की डेबियनची सुरू करणारी स्क्रिप्ट फोल्डरचा मालक कोण ते पाहते, स्वतःचा रूटचा अधिकार सोडते आणि त्या मालकाच्या नावाने सर्व्हर उभा करते. चालू प्रक्रियांची यादी काढून पाहिली तर मुख्य सर्व्हर, चेकपॉइंट लिहिणारा, मागून लिहीत राहणारा, ऑटोव्हॅक्यूम सुरू करणारा, अशा सगळ्या ओळींच्या पहिल्या रकान्यात पोस्टग्रेस हेच नाव दिसते. रूट कोठेही दिसत नाही. हा रकाना पाहण्याची मला आता सवयच लागली आहे.

वेगळ्या युजरचा आणखी एक फायदा मला अगदी अनपेक्षित होता, आणि वीज जाणाऱ्या प्रत्येक गावाने तो समजून घ्यावा असा आहे. पोस्टग्रेस चालू असताना डेटाच्या फोल्डरात स्वतःच्या प्रक्रियेचा क्रमांक लिहिलेली एक फाइल ठेवतो, जेणेकरून त्याच फोल्डरवर दुसरा सर्व्हर चुकून सुरू होऊ नये. वीज अचानक गेली की ही फाइल मागे राहते. पुढच्या वेळी सुरू होताना नवा सर्व्हर त्या जुन्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे का, ते तपासतो. आणि संगणक नुकताच उठलेला असल्यामुळे तो क्रमांक दुसऱ्याच कोणत्या तरी सर्व्हिसला मिळालेला असणे सहज शक्य असते. डेटाबेस रूटने चालत असता तर "हा क्रमांक जिवंत आहे, म्हणजे कदाचित माझाच जुना भाऊ चालू आहे" असा घोळ होण्याची शक्यता बरीच होती, कारण रूटच्या नावाने चालणाऱ्या प्रक्रिया ढिगाने असतात. साध्या युजरच्या बाबतीत मात्र कर्नल त्याला "ही प्रक्रिया तुझी नाही" असे उत्तर देतो, त्यावरून तो दुसरा सर्व्हर असू शकत नाही हे पोस्टग्रेस ओळखतो, शिळी फाइल बाजूला सारतो, फाइलींत उतरायचे राहिलेले बदल नोंदवहीवरून पुन्हा लागू करतो आणि कामाला लागतो. पोस्टग्रेसच्या नावाने दुसरे काहीच चालू नसेल तर ही तपासणी अधिक निर्धोक होते. म्हणून कोणतीही कायम चालणारी स्क्रिप्ट त्या युजरच्या नावाने ठेवू नये, असे मी ठरवले आहे.

आता जेथे मला घाम फुटला तो प्रसंग. २०२५ च्या हंगामाच्या तोंडावर शेडमधल्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. खाऱ्या हवेत यंत्रे फार वर्षे टिकत नाहीत. उघडून पाहिले तर पोर्टांच्या धातूवर हिरवट थर बसला होता. नवा संगणक आणला, त्यावर तेच डेबियन आणि तेच पोस्टग्रेस बसवले, जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घालून जोडली आणि डेटाचे फोल्डर मालकी व परवानग्या जशाच्या तशा ठेवणाऱ्या पद्धतीने उचलून नव्या जागी ठेवले. सर्व्हिस सुरू केली. स्थिती विचारली तर हिरव्या अक्षरांत "ॲक्टिव्ह" आले, कंसात "एक्झिटेड". नोंदीचे पान मात्र उघडेना. मालक मागे उभे. हिरवे अक्षर पाहून मी अर्धा तास नेटवर्कची केबल, फायरवॉल आणि सॉफ्टवेअरचा पत्ता तपासत बसलो.

दोष हिरव्या अक्षरांचा होता. डेबियनमध्ये एकाच संगणकावर पोस्टग्रेसचे अनेक स्वतंत्र सर्व्हर चालवता येतात, त्यांना क्लस्टर म्हणतात; पोस्टग्रेएसक्यूएल या साध्या नावाची सर्व्हिस ही त्या सगळ्यांची नुसती छत्री असते, ती स्वतः काहीही न करता बंद होते आणि म्हणून कायम "ॲक्टिव्ह, एक्झिटेड" दिसते. खरी सर्व्हिस आवृत्ती आणि क्लस्टरचे नाव जोडलेली, आमच्याकडे १५-मेन अशी. तिची स्थिती विचारल्यावर उत्तर स्वच्छ मिळाले : कॉन्फिगचा मालक पोस्टग्रेस, क्रमांक ११२, डेटाचा मालक वेगळाच, क्रमांक १०८, दोन्ही जुळत नाहीत. क्लस्टरांची यादी काढली तर मालकाच्या रकान्यात स्कॅनरची सर्व्हिस पाहणाऱ्या युजरचे नाव झळकत होते. लिनक्सची डिस्क मालकाचे नाव लिहीत नाही, क्रमांक लिहिते. जुन्या यंत्रावर पोस्टग्रेसला १०८ मिळाला होता, नव्यावर पॅकेजे वेगळ्या क्रमाने बसल्यामुळे ११२, आणि १०८ स्कॅनरवाल्याकडे गेलेला. डेटाच्या सगळ्या फोल्डरची मालकी पोस्टग्रेसच्या नावे करणारी एक ओळ चालवली आणि डेटाबेस उठला. आता नव्या यंत्रावर डेटा नेताना मी फाइली उचलत नाही. पोस्टग्रेसचाच डम्प (सगळ्या मजकुराची नक्कल) घेऊन तो पुन्हा भरतो, म्हणजे मालकीचा प्रश्नच उद्भवत नाही.

या प्रसंगात पॅकेजला मी पूर्ण गुण देऊ शकत नाही. निरोप अचूक होता, पण तो जेथे माणूस पहिल्यांदा पाहतो तेथे नव्हता. छत्रीच्या सर्व्हिसने खालचा एखादा क्लस्टर पडला असेल तर निदान हिरवे तरी दिसू नये, ही माझी मुख्य तक्रार आहे, आणि नवख्या माणसाला ती पहिल्याच आठवड्यात भोवते.

रोजच्या वापरात वेगळ्या युजरचा जाच जो होतो तो लहान, पण चिकट आहे. कार्यालयातील वहिनी दलालांकडून आलेल्या पट्ट्यांची सीएसव्ही फाइल स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवतात. ती सर्व्हरच्या कॉपी आज्ञेने भरायला गेलो की परवानगी नाकारली जाते, कारण फाइल वाचणारा सर्व्हर पोस्टग्रेसच्या नावाने चालतो आणि त्याला वहिनींच्या फोल्डरात जाण्याची वाट नाही. त्यावरचा उपाय सोपा आहे : पीएसक्यूएलमधील (पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या प्रोग्राममधील) उलटी तिरकी रेघ लावलेली कॉपी वापरावी, ती फाइल वापरकर्त्याच्याच अधिकाराने वाचते आणि मजकूर सर्व्हरकडे पाठवते. फाइलची परवानगी सर्वांना खुली करून टाकणे हा जो उपाय बहुतेक ठिकाणी केला जातो, तो कृपया करू नये. रूटच्या घरात उभे राहून पोस्टग्रेसच्या नावाने पीएसक्यूएल चालवले की "रूटच्या फोल्डरात जाता आले नाही" अशी एक ओळ दर वेळी येते. ती निरुपद्रवी आहे, पण पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. आणि डेटाचे फोल्डर विंडोजवरही चालावे म्हणून एक्सफॅट पद्धतीच्या बाहेरच्या डिस्कवर ठेवण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर तो सोडून द्यावा. त्या पद्धतीत मालकी आणि परवानगी साठवण्याची सोयच नाही, त्यामुळे पोस्टग्रेस ते फोल्डर स्वीकारत नाही.

उलट बाजूने, वेगळ्या युजरांमुळे आमचा एक पासवर्ड कमी झाला. नोंदीचे सॉफ्टवेअर त्याच संगणकावर पट्टी नावाच्या स्वतंत्र युजरने चालते, आणि डेटाबेसमध्येही पट्टी नावाचीच भूमिका, म्हणजे डेटाबेसच्या आतले खाते, आहे. पीअर पद्धतीत पोस्टग्रेस सॉकेटच्या पलीकडे कोण आहे ते कर्नललाच विचारतो आणि नावे जुळली तर आत घेतो. कॉन्फिगच्या फाइलमध्ये पासवर्ड लिहून ठेवण्याची गरज राहिली नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी डेटाबेसमधील सर्वोच्च अधिकार मागितला होता. तो दिला नाही, आणि आजवर काही अडले नाही. येथे एक गोंधळ टाळावा : ऑपरेटिंग सिस्टिमचा युजर पोस्टग्रेस आणि डेटाबेसमधील सर्वोच्च भूमिका पोस्टग्रेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फक्त नाव एक आहे. मायएसक्यूएलवाल्यांची अडचण तर याहून मोठी, कारण तेथे डेटाबेसमधील सर्वाधिकाऱ्यालाच रूट म्हणतात, आणि "आमचा डेटाबेस रूटने चालतो" असे कोणी सांगितले की कोणता रूट, हे आधी विचारावे लागते.

तुलना करायची तर मारियाडीबीची डेबियनवरील सर्व्हिस फाइल मला वाचायला अधिक सरळ वाटते. तीत युजर म्हणून मायएसक्यूएल हे नाव थेट लिहिलेले असते, आणि लोकांच्या घरच्या फोल्डरांवर सर्व्हिसची नजर जाऊ नये अशी बंदीही सुरुवातीपासून घातलेली असते. पोस्टग्रेसच्या डेबियनमधील फाइलमध्ये युजरची ओळ शोधून सापडत नाही, कारण ते काम आतली स्क्रिप्ट करते. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या दस्तऐवजांत दिलेली नमुना सर्व्हिस फाइल युजर थेट लिहिणारी आणि सुरू झाल्याचा निरोप सिस्टमडीला स्वतः देणारी आहे. मला ती अधिक पसंत आहे. डेबियनने आडवळण का घेतले तेही कळते : प्रत्येक क्लस्टरचा मालक वेगळा असू शकतो, आणि ही मुभा एका ठरावीक नावाने देता आली नसती. एकच क्लस्टर चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना मात्र त्या मुभेचा उपयोग शून्य आणि वाचताना डोक्याला ताप. घरच्या फोल्डरांची बंदी मी सर्व्हिसची वेगळी पुरवणी फाइल करून स्वतः घातली. स्कॅन केलेले सातबारे ज्या फोल्डरात आहेत ते आता डेटाबेसच्या प्रक्रियेला दिसतसुद्धा नाही.

पॅकेज टाळून सगळे हाताने बांधण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांच्यासाठी कुडाळच्या एका मित्राचा अनुभव पुरेसा आहे. त्याने पोस्टग्रेस मूळ कोडमधून तयार केला आणि त्यासाठी युजर तयार करताना सिस्टम युजर न करता साधा, माणसांसाठी असतो तसा केला. तो त्या युजरने लॉगिन करून काम करायचा आणि लॉगआउट झाला की थोड्या वेळाने डेटाबेस सामायिक मेमरीचा तुकडा सापडत नसल्याच्या तक्रारी लिहू लागायचा. सिस्टमडीची लॉगिन सांभाळणारी सर्व्हिस साध्या युजरचे शेवटचे सत्र संपले की त्याच्या नावावरची सामायिक मेमरी साफ करून टाकते. सिस्टम युजर त्यातून वगळलेले असतात. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजांत याविषयी स्वतंत्र टिपण आहे, पण आठवडाभर झोप उडाल्याशिवाय ते कोण वाचतो?

पाचपैकी चार गुण. एक गुण छत्रीच्या सर्व्हिसने दाखवलेल्या खोट्या हिरव्यासाठी कापला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ सोबत पोस्टग्रेस १७ मिळतो, आणि ते स्थलांतर नवा हंगाम सुरू होण्याच्या बरेच आधी उरकायचे आहे. पोस्टग्रेस युजर तोच राहणार असल्यामुळे पीअरच्या ओळी आणि रात्रीच्या बॅकअपची वेळापत्रके बदलावी लागणार नाहीत, पण मी केलेली पुरवणी फाइल १५-मेन या नावाला बांधलेली आहे आणि नवा क्लस्टर १७-मेन असेल. ती फाइल या वेळी सर्व क्लस्टरांच्या मूळ साच्यालाच जोडणार आहे, म्हणजे पुढच्या आवृत्तीला सातबाऱ्यांवरचे कुलूप पुन्हा आठवणीने लावावे लागणार नाही.